उजव्या हातासाठी एक कप्पी

एका साध्या कप्पीमुळे माणसाच्या घरी सरकारी लिफ्ट-निरीक्षक येऊ शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी मुकाट्याने खुर्चीत बसून स्पंजचा चेंडू दाबत राहिलो असतो. पण आमच्या इमारतीत नको ते सल्ले देणारे ढीगभर, आणि नेमकी हीच गोष्ट सांगणारं कुणी नाही.

चेंडूचा सल्ला तळमजल्यावरच्या काकांचा. काकांना सल्ला द्यायला आजारी माणूस लागतो. नाही मिळाला तर धडधाकटही चालतो. मी तर घरबसल्या त्यांच्या हाती लागलो होतो. दोन वर्षांपूर्वी मला पक्षाघाताचा झटका आला. तो कसा आला, कुठे आला आणि तेव्हा मी काय बोलत होतो, हे भेटायला येणाऱ्यांना इतक्या वेळा सांगून झालंय की इथे गाळतो. पाय बऱ्यापैकी ताळ्यावर आला. जीभही परत आली. ती येणार याबद्दल आमच्या हिच्या मनात कधीच शंका नव्हती. राहिला उजवा हात. त्याची तऱ्हा अशी, की तो मिटायचा, पण उघडायचा नाही. काहीही तळव्याला लागलं की बोटं गपकन मिटायची, आणि एकदा मिटली की डाव्या हाताने एकेक बोट उचकटून काढावं लागायचं. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, “जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं. आता आहे त्यात समाधान माना.” मी हात टेकले असं म्हणणार होतो. पण टेकायचं म्हटलं तरी तळवा उघडा लागतो.

तर काकांनी चेंडू आणून दिला. “दिवसभर दाबा. बघा कसा गुण येतो ते.” मी दाबला. सकाळी दाबला तो दुपारच्या जेवणाला माझ्याबरोबर ताटावर होता. संध्याकाळी एका लांबच्या मेहुण्यांकडे गेलो तर तिथेही होता. मेहुण्यांना वाटलं, मी त्यांच्या नातवासाठी खेळणं आणलंय. नातवाने ते घ्यायला हात पुढे केला, मी देईना, नातवाने भोकाड पसरलं. “लहान मुलाशी असं वागतात का हो?” असं मेहुणे नजरेने म्हणाले. मी काय सांगणार? मी द्यायला तयारच होतो, हात तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी फिजिओताई आली. व्यायाम शिकवायला आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येणारी, मलाही काकाच म्हणणारी ही मुलगी. वय आमच्या मुलीएवढं, आवाज कवायतीच्या मास्तरांएवढा. तिने माझ्या मुठीतला चेंडू पाहिला, काढला आणि हिच्या भाजीच्या पिशवीत टाकला.

“काका, मिटायला हा आधीच पहिल्या नंबराने पास झालाय. त्याची शिकवणी कशाला? आपल्याला त्याला सोडायला शिकवायचंय.”

“डॉक्टर तर म्हणाले, आता काही—”

“सहा महिन्यांनंतर गाडी हळू चालते. थांबते असं नाही. फक्त पुष्कळ वेळा करावं लागतं. धरायचं, सोडायचं. धरायचं, सोडायचं. आणि नुसता व्यायाम म्हणून नको, कंटाळाल. काहीतरी खरं काम शोधा, ज्यात धरावंही लागेल आणि सोडावंही लागेल.”

असं काम कुठलं? खुंटीला कपडे अडकवून पाहिले. शर्ट खुंटीला, हात शर्टाला, आणि मी हाताला लटकलेलो. कपबश्या उचलून ठेवायला घेतल्या, तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. आणि मग एका सकाळी मी गॅलरीत बसलो असताना खाली भाजीची गाडी आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. ही दोन पिशव्या घेऊन दर जिन्यावर एकदा थांबत, श्वास घेत वर येत होती, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. कप्पी! दोर, कप्पी आणि टोपली! दोर ओढायचा म्हणजे एका हाताने धरायचा, दुसऱ्याने सोडायचा; मग त्याने धरायचा, याने सोडायचा. ताई म्हणाली तेच, आणि भाजी आपोआप वर!

मी असा काही ओरडलो की ही शेवटचा जिना न थांबता चढली.

“काय झालं? पुन्हा झटका?”

“झटकाच! पण चांगला!”

हार्डवेअरच्या दुकानात मी स्वतः गेलो. दुकानदाराने पाच-सहा कप्प्या मांडल्या. “किती वजन उचलायचंय?” मी म्हटलं, “माझा हात.” त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि सगळ्यांत दणकट कप्पी पुढे सरकवली. मला जरा लागलंच ते. पण घेतली.

कप्पी बसवणं म्हणजे एक आकडा, एक कप्पी आणि ग्रिलवाल्याची अर्ध्या तासाची हजेरी. निदान मला तसं वाटत होतं. काका देखरेखीला आले. त्यांच्या मते आकडा डावीकडे हवा होता. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी खाली वाकून सांगितलं, की त्यांच्या भावाच्या घरी अशीच एक कप्पी होती, ती उजवीकडे होती, आणि ती पडली. ग्रिलवाल्याने दोघांचाही मान राखून मधोमध बसवली. मधोमध म्हणजे बरोब्बर खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या खिडकीसमोरून टोपली जाणार, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला दिवस! मला रात्रभर झोप नव्हती. खाली भाजीवाल्याने टोपलीत दुधी, वांगी आणि कोथिंबीर ठेवली. मी डाव्या हाताने ओढलं. टोपली वीतभर उचलली. उजव्याने दोर धरला. वा! अशी पकड की पहिलवान लाजावा. डावा वर नेला, दोर धरला, आता उजव्याने सोडायचं.

“सोड,” मी मनात म्हटलं.

काही नाही.

“सोडा,” ही म्हणाली.

“मी सोडतोच आहे.”

“कुठे सोडताय? सोडा की!”

शेवटी हिने माझी बोटं उचकटली. मी पुन्हा धरलं. हिने पुन्हा उचकटली. असं करत करत भाजी वर आली. कोथिंबीर वाटेत सुकली म्हणतात ती अतिशयोक्ती आहे. पण टोपली कठड्याला लागली तेव्हा मी आणि ही, दोघांनी अशी काही आरोळी ठोकली, जणू विहिरीतून बुडणारा माणूस बाहेर काढलाय. फिजिओताईने पाहिलं तेव्हा तीसुद्धा खूश झाली. तिने एक युक्ती शिकवली. “मनगट खाली पाडा. मनगट खाली वाकलं की बोटांचा ताण कमी होतो, उघडायला सोपं जातं. आणि प्रत्येक वेळी मनात हुकूम द्या. ऐकलं नाही तरी द्या.”

तेव्हापासून आमच्या गॅलरीत रोज सकाळ-संध्याकाळ कार्यक्रम सुरू झाला. मी मनात हुकूम देत होतो, त्यामुळे माझा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. हिचा जात होता. “सोडा हो! सोडा म्हणते ना! किती घट्ट धरलंय! अहो, लोक बघताहेत, सोडा!” आठवड्याभराने काका जिना चढून आले, दार लोटून घेतलं आणि मला बाजूला बसवून अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, या वयात, आणि तेही गॅलरीत… संसारात संयम हवा.” खुलासा करता करता मला घाम फुटला. खुलासा झाल्यावर काकांना त्याहून जास्त फुटला. त्या भरात त्यांनी विचारलं, “मग माझी औषधाची पिशवी पण ठेवू का टोपलीत?” त्यांचं घर तळमजल्यावर होतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. काकांची औषधं तिसऱ्या मजल्यावर आली आणि ती मीच खाली नेऊन दिली.

पण त्यातून टूम निघाली. वरच्या मावशींनी आपल्या पालेभाज्या टोपलीत ठेवायला सुरुवात केली. समोरच्या शिक्षिकाबाई वह्यांचे गठ्ठे ठेवू लागल्या. कुणाचे इस्त्रीचे कपडे, कुणाचा दुरुस्त झालेला मिक्सर. इमारतीतलं मांजर एकदा टोपलीत बसून आलं, वर येऊन उतरलं नाही आणि परत खाली गेलं. ही म्हणायची, “उद्या माणसं बसतील.” मला मात्र हर्षवायू व्हायचा बाकी होता. जितकी ओझी जास्त, तितकं माझं धरणं-सोडणं जास्त. मी वरून ओरडायचो, “आणखी काय आहे? आणा, आणा!” असा हमाल कुठल्या इमारतीला मिळाला असता?

आणि बोटं ऐकू लागली होती, बरं का! पुरती नाही. पण मनगट खाली पाडलं की करंगळी थोडी सैल व्हायची. एकदा तिच्या शेजारचीही हलल्यासारखी वाटली. ही म्हणाली, भास आहे. पण त्या दिवशी तिने मला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

माशी शिंकली ती सेक्रेटरींच्या खिडकीत.

आमचे सेक्रेटरी म्हणजे शिस्तीचं माणूस. इमारतीच्या सूचनाफलकावर स्वल्पविराम चुकला तरी ते फलक पुन्हा रंगवून घेतात. एका सकाळी ही बाहेर गेली होती आणि माझ्याच्याने राहवलं नाही. एकट्यानेच टोपली ओढायला घेतली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि उजवा हात दोरावर असा बसला, की बसलाच. डाव्याने टोपलीचं वजन धरलेलं, मग उजव्याला उचकटायचं कशाने? टोपली सेक्रेटरींच्या खिडकीसमोर थांबली. सेक्रेटरी आत दाढी करत होते.

“कोण आहे?” खालून आवाज आला.

“मी आहे. वरून.”

“ही माझ्या खिडकीत मुळ्याची जुडी का आहे?”

“जरा थांबली आहे. हात सुटत नाहीये.”

“मग कुणाला तरी बोलवा!”

“बोलावलं असतं, पण हात अडकलाय.”

ही परत येईपर्यंत सेक्रेटरींनी त्या मुळ्यांकडे पाहत दाढी केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं. मला त्यांचं वाईट वाटलं. पण त्यांनी सर्वसाधारण सभा बोलावली, तेव्हा ते वाटणं जरा कमी झालं.

सभा गाड्या लावायच्या जागेत भरली. विषय एकच: इमारतीच्या दर्शनी भागावरील अनधिकृत कप्पी काढून टाकणे. सेक्रेटरी बराच वेळ बोलले. त्यांनी अपघाताची शक्यता सांगितली, इमारतीचं सौंदर्य सांगितलं, मुळ्याचं नाव न घेता मुळ्याबद्दलही सांगितलं. मी मनात उत्तर जुळवत होतो. निम्मी सभा तरी माझ्या बाजूने होती. ज्यांची ओझी मी वर घेतली, ते सगळे माझ्याकडे पाहून मान डोलवत होते. मतं मोजायची वेळ आली. “कप्पी काढावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.” बरोब्बर निम्मे हात वर झाले. आणि इथे, अगदी या क्षणी, मला जांभई आली.

आता एक सांगितलंच पाहिजे. पक्षाघातानंतर काही जणांना असं होतं, की जांभई आली की लुळा हात आपला आपण वर उचलला जातो. जांभई संपली की खाली येतो. माझा इतर वेळी खांद्यापर्यंत नीट जायचा नाही, पण जांभई आली की असा दिमाखात उठायचा, जणू वर्गात पहिल्या बाकावर बसलोय. त्या दिवशीही उठला.

“एक जास्त,” सेक्रेटरी म्हणाले. “ठराव मंजूर.”

“अहो, ते मत नाही! ती जांभई आहे!”

“हात कुणाचा आहे?”

“माझा आहे. पण मी नाही वर केला.”

“मग कुणी केला?”

फिजिओताई असती तर तिने मेंदूची वायरिंग समजावली असती. हिने उठून सांगायचा प्रयत्न केला, तर सभेला जांभया आल्या आणि ते उदाहरण आणखी गोंधळाचं झालं. माझीच कप्पी, माझ्याच हाताने, एका मताने गेली! काकांनी मात्र ऐन वेळी इभ्रत राखली. त्यांनी दुरुस्ती सुचवली: सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणली तर कप्पी राहावी. सेक्रेटरी हसले. सरकारी परवानगी कशी मिळते हे त्यांना माहीत होतं. दुरुस्ती मंजूर झाली.

मी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होतो. अर्जातल्या त्रुटी काढण्यात माझा हात धरणारा खात्यात दुसरा नव्हता. आता माझाच हात जगातलं सगळं धरत सुटला होता. मी छाती काढून बांधकाम विभागात गेलो. तिथे म्हणाले, कप्पी हे बांधकाम नाही. विद्युत विभागात म्हणाले, विजेवर चालते का? नाही ना? मग इथे कशाला आलात? शेवटी एका शिपायाने उद्वाहन विभागाचं दार दाखवलं. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. ज्यांना हा शब्द ठाऊक नसतो ते बिचारे जिन्याने जातात.

“माणसं चढतात का यातून?” तिथल्या कारकुनाने विचारलं.

“भाजी चढते. एकदा मांजर चढलं होतं.”

“म्हणजे मालवाहू. द्या अर्ज.”

मी अर्ज पुढे केला. कारकुनाने धरला आणि ओढला. अर्ज आला नाही. त्याने पुन्हा ओढला.

“द्या की.”

“देतोय की.”

“अर्ज द्यायचाय ना तुम्हाला?”

“त्यासाठीच तर आलोय!”

मागे रांग चुळबुळायला लागली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचा विचार बदलला वाटतं. कारकून बिचारा सज्जन, खिडकीमागून उठून बाहेर आला आणि माझी बोटं सोडवू लागला. त्यातल्या त्यात माझ्या हाताला अर्जापेक्षा त्याची बोटं आवडली. अर्ज सुटला, कारकून अडकला. जेवणाची सुट्टी तोंडावर आलेली. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी स्वतः आरशात कितीतरी वर्षं पाहिले होते: आता हा माणूस उद्या आला तर बरं. पण त्याला जाताच येईना! एक हात माझ्या मुठीत ठेवून दुसऱ्या हाताने शिक्का मारत त्याने तिथल्या तिथे माझा अर्ज दाखल करून निरीक्षकांकडे पाठवला. मग मी मनगट खाली पाडलं, मनात हुकूम दिला, डाव्या हाताने थोडी मदत केली आणि तो सुटला. खात्याच्या इतिहासात इतक्या झपाट्याने अर्ज पुढे गेल्याचं ऐकिवात नाही.

निरीक्षक आले तो फिजिओताईचा दिवस होता, त्यामुळे ती गॅलरीत, ही गॅलरीत, आणि इमारतीतली बाकी सगळी माणसं खाली. निरीक्षक उंच, सडपातळ आणि अत्यंत सभ्य. त्यांनी कप्पी पाहिली, दोर बोटांनी चाचपला, आकड्याला लोंबकळून पाहायचा विचार केला आणि सोडून दिला. खाली जमिनीवर खडूने मोठा गोल काढायला लावला. “चाचणी चालू असताना गोलाच्या आत कुणीही यायचं नाही.” सेक्रेटरी गोलाच्या रेघेला बूट टेकवून उभे राहिले. नियमात, पण जेमतेम.

“चाचणीसाठी वजन लागेल,” निरीक्षक म्हणाले.

“मी देतो ना वजन,” खालून सेक्रेटरी ओरडले. ते नुकतेच गिरणीतून पिठाची छोटी गोणी घेऊन आले होते. “एवढी उपयोगाची असेल तर माझं पीठ चढवून दाखवा!” ते पीठ तिसऱ्या मजल्यावर चढवून मग दुसऱ्यावर उतरवावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष कप्पी नापास करण्याकडे होतं.

गोणी टोपलीत बसेना, म्हणून दोराच्या आकड्याला थेट अडकवली. मी उभा राहिलो. डावा, उजवा. ही माझी बोटं सोडवत होती, आता इतक्या सफाईने की निरीक्षकांना ती दोर साफ करतेय असं वाटलं. डावा, उजवा. गोणी पहिल्या मजल्यावर. “शाब्बास, काका!” ताई. डावा, उजवा. गोणी सेक्रेटरींच्या खिडकीसमोरून न थांबता गेली! खाली टाळ्या वाजल्या. डावा, उजवा. आली, आली, आमच्या कठड्याला आली!

“थांबवा,” निरीक्षक म्हणाले. “भार अधांतरी हवा. आता ब्रेक दाखवा.”

“ब्रेक?”

“भार हवेत असताना यंत्रणा धरून ठेवणारं काहीतरी असेल ना? नाहीतर परवानगी कशी देणार?”

मी हसलो. असं हसायचा योग रोज येत नाही. “साहेब, ब्रेक म्हणजे हा माझा उजवा हात. दोन वर्षं झाली, याने धरलेलं आपणहून कधी सोडलेलं नाही. लोखंडाचा ब्रेक घसरेल, हा घसरणार नाही.” आणि डावा हात काढून घेतला. गोणी एकट्या उजव्या हातावर लोंबकळत राहिली. तसूभर हलली नाही. निरीक्षकांनी भुवया उंचावल्या.

“अहो, सोडू नका हं!” खालून सेक्रेटरींचा आवाज.

“सोडू नका? अहो, हा म्हटल्याने सुटत असता तर आणखी काय हवं होतं? हे बघा, साहेब, तुमच्यासमोर सांगतो. मी त्याला हुकूम देतो.” मी मनगट खाली पाडलं आणि मोठ्याने म्हटलं, “सोड.”

आधी करंगळी गेली. मी पाहिली. मग तिच्या शेजारची. मधलं बोट जरा रेंगाळलं, आणि मग सगळा पंजा एखाद्या झोपेतून उठलेल्या मुलासारखा सावकाश, आळोखेपिळोखे देत उघडला.

दोर सर्रकन गेला. खाली धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ पांढरा ढग उठला. पहिला मजला दिसेनासा झाला.

मग माझ्या दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न आला. फिजिओताईने माझा दंड घट्ट धरून विचारला, निरीक्षकांनी लेखणी उघडून विचारला.

“निसटला की सोडला?”

मी हेडक्लार्क होतो, प्रश्न कळायला मला वेळ लागत नाही. निसटला म्हटलं, तर दोष दोराचा, थकव्याचा, नशिबाचा. सेक्रेटरींसमोर माझी सुटका. सोडला म्हटलं, तर मी सरकारी चाचणी चालू असताना, शुद्धीत, साक्षीदारांसमोर दुसऱ्याचं पीठ तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकलं. ही माझ्याकडे बघत होती.

“सोडला!” मी गॅलरी दणाणून टाकली. “मी सोडला! मीच सोडला! सोड म्हटलं आणि त्याने सोडला!”

“स्वेच्छेने?” निरीक्षक.

“स्वेच्छेने! ठळक अक्षरात लिहा!”

“मग परवानगी नाही देता येणार,” ते खरोखर दिलगिरीने म्हणाले. “ब्रेक सुटणारा आहे.”

“सुटणारा आहे!” मी हिला म्हटलं. “ऐकलंस? सरकार म्हणतंय, सुटणारा आहे!” आणि आम्ही दोघं त्या सभ्य माणसासमोर हसत होतो की रडत होतो, ते त्याला कळलं नाही. आम्हालाही नाही.

“भावना नंतर,” ताई कडाडली. “काका, पुन्हा करा. एकदा झालं ते अपघाताने असू शकतं. काहीतरी धरा. लवकर, हात विसरायच्या आत!”

धरायला काही मिळेपर्यंत दार धाडकन उघडलं. सेक्रेटरी आत आले. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, फक्त डोळे तेवढे लाल. त्यांनी बोट उगारलं. पहिला शब्द बाहेर पडणार एवढ्यात ताईने त्यांचं उगारलेलं मनगट पकडलं आणि माझ्या उजव्या तळव्यावर ठेवलं. माझी बोटं गपकन मिटली.

“अहो, हे काय चाललंय? माझं पीठ—”

“बोलू नका. हलू नका,” ताई म्हणाली. “काका, मनगट खाली. हुकूम.”

“सोड,” मी म्हटलं.

काही नाही. सेक्रेटरींनी श्वास आत घेतला, आता ते सुरू होणार होते. मी पुन्हा म्हटलं, “सोड.” आणि करंगळी उचलली गेली. सेक्रेटरींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेजारचं बोट उचललं गेलं. मधलं अडलं. ते थरथरत होतं, ना धड मिटलेलं, ना उघडलेलं. सेक्रेटरी मान वाकवून त्याच्याकडे पाहू लागले. पिठाचे कण त्यांच्या मिशीवरून माझ्या हातावर पडत होते. आणि अगदी हळू, जणू स्वतःशीच, सेक्रेटरी म्हणाले, “चल की रे… चल…”

मधलं बोट सुटलं. मग तर्जनी, मग अंगठा. सेक्रेटरींचं मनगट मोकळं झालं.

“सुटलं!” सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल तर ते सेक्रेटरी. “अहो, सुटलं की! मी स्वतः बघितलं! आधी ही, मग ही, मग हे मधलं अडलं होतं, बघितलंत ना?” ते हिला सांगत होते, निरीक्षकांना सांगत होते, ताईलाही सांगत होते. मग धावत गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकले. “सगळे वर या! पटकन! उघडतोय!”

खालून काकांनी विचारलं, “अहो, पण इथे सगळीकडे पीठ सांडलंय, त्याचं काय करायचं?”

“चुलीत घाला ते पीठ!” सेक्रेटरी गरजले, आत आले, बाही वर सारली आणि पुन्हा आपलं मनगट माझ्यापुढे केलं.